सतरा नंबरची बाटली

धनज, ४ जुलै १९७६
आलो एकदाचा! कारंज्याहून येष्टीत खोका मांडीवर धरून बसलो होतो; चाळीस बाटल्यांतली एकही फुटली नाही. केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि भोवती कपाशी, पण प्रयोगशाळा माझी! कपाशीच्या शेंड्याचा कण बाटलीतल्या घट्ट खाद्यावर वाढवायचा आणि त्या एका कणापासून हजारो रोपं करायची. पुण्यात सगळे हसले. मोठ्या साहेबांनी सहा महिने दिलेत, नाही जमलं तर पुन्हा फायली. मदतीला बेबीताई आहेत, नववी पास, कामाला चोख. खाद्यात नारळाचं पाणी घालावं लागतं, म्हणून कारंज्याहून नारळ आणवले. पाणी बाटल्यांत, खोबरं बाईंच्या चटणीत. चटणी फर्मास होती.

१२ जुलै
आज शेंडे कापले. पातं स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं, मगच शेंड्याला लावायचं. सतराव्या बाटलीच्या वेळी बाईंवर खेकसण्याच्या नादात पातं माझ्याच बोटात घुसलं आणि रक्ताचा थेंब आत पडला. बाई म्हणाल्या, साहेब, रगत पडलं, फेकून द्या थे. मी म्हटलं, बाटल्या काय झाडाला लागतात? कापसाचा बोळा लावून टाकला. वहीत लिहिलं : निर्जंतुक.

३ ऑगस्ट
एकोणचाळीस बाटल्यांत बुरशी. सतरा नंबरात मात्र लिंबाएवढा पांढराशुभ्र गोळा! मी अक्षरशः नाचलो. बाईंचं म्हणणं, गोळा गुलाबी आहे. डोळे तपासून घ्या म्हटलं. माझ्या बोटाची जखम मेली अजून भरत नाही.

२० ऑगस्ट
गोळ्याचे चार तुकडे करून चार बाटल्यांत लावले. पहिल्याच कापाला दंडात अशी कळ गेली की पातं हातातून पडलं. बाही वर केली तर दंडावर सरळ चीर. तीन काप, तीन चिरा. बाई दारातून बघत होत्या. दार लावून घ्या म्हणून त्यांच्यावरच खेकसलो.

९ सप्टेंबर
छत्तीस बाटल्या झाल्या. रोज थोडं थोडं कापलं, दात आवळून. अंगावर आता जागा नाही. एका गोळ्याला अंकुर फुटलाय. बाई म्हणतात, नख हाये थे. फुटलाय हे खरं ना? मोठ्या साहेबांना पत्र टाकलं : जमलं!

१४ सप्टेंबर
बाईंनी मला न विचारता एक बाटली उकळत्या पाण्यात घातली. मी जेवत होतो. पाठ भाजून निघाली, फोडच फोड. माझं ओरडणं रानात ऐकू गेलं म्हणे. बाई रडत आल्या. मले वाटलं, तुमी सुटसान, असं म्हणत राहिल्या. मी त्यांना हाकलून दिलं. पस्तीस उरल्या. एकही नष्ट करता येत नाही. एकही कुणाला देता येत नाही.

२१ सप्टेंबर
मोठे साहेब जीपनं आले. पाठीवर थाप मारली, नेमकी फोडांवर. शोधनिबंधावर माझं नाव पहिलं घालणार म्हणाले. पस्तीसही बाटल्या जीपमध्ये. पंचवीसला सकाळी दहाला पुण्यात वर्ग आहे : पस्तीस शिकाऊ, प्रत्येकाला एक बाटली, एक पातं. सांगायचं होतं. तोंड उघडलं — आणि आभार मानले. थू माझ्यावर!

२४ सप्टेंबर
कारंज्याला जाऊन तार केली : कापू नका. उत्तर आलं : संकोच नको, श्रेय तुमचंच. ट्रंक कॉल लागत नाही. तीन तास बसलो. नाही लागत.

२५ सप्टेंबर
बेबीताई आल्या. बोलावलं नव्हतं. चादरी फाडून पट्ट्या करतायत. त्यांची माफी मागितली. राहू द्या म्हणाल्या.

दहाला पाच कमी. शिकाऊ पोरं, उशिरा येतील — आम्हीही कुठे वेळेवर —

गळ्याशी. एकच. कुणाला तरी घाई —

मांडी. पाठ. बाईंना हात पुरत नाहीत —

बाई विचारतात, अजून कितीक हायेत, साहेब. सांगितलं, पस्ती