वाढत्या अंगाची गाडी

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या, आणि तुझ्या मते अजून पुरती अक्कल न आलेल्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेला नुसती रीत म्हणून लिहिलेला नाही. गेल्या आठवड्यात मी खरोखरच आठही अंगांनी जमिनीला टेकलो. ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? उजवा जास्त दुखतो की डावा, हे प्रत्येक फोनवर विचारायचं ठरवतो, पण मी "ताई, इकडे कधी येतेस?" एवढं म्हणायचा अवकाश, की तुझं दूध उतू जायला लागतं आणि फोन बंद होतो. गेल्या दीड वर्षात तुझ्याकडे जेवढं दूध उतू गेलं, तेवढ्यावर एखादी डेअरी चालली असती. म्हणून हे पत्र. दूध उतू गेलं तरी पत्र टेबलावर तसंच राहतं. बाकी आमचं सगळं ठीक. मला काहीही मागायचं नाही हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तू निर्धास्तपणे वाचशील.

तर बातमी अशी की मी गाडी घेतली. जुनी, पण मोठी. मोठी म्हणजे काय, तर तीन रांगा, आठ माणसं, आणि चाक माझ्या मांडीपर्यंत येतं. वर चढून बसलं की खालची दुचाकीवाली मंडळी चिल्लीपिल्ली वाटतात आणि उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते पहिल्यांदा कळतं. (चढण्याबद्दल नंतर बोलू.) सध्या हे पत्रही मी गाडीच्या तिसऱ्या रांगेत बसून लिहितोय. घरात बसवत नाही. दर दहा मिनिटांनी उठून खिडकीतून गाडी आहे ना ते बघतो. काल या नादात एका गणवेशाच्या शर्टाला तीन खिसे लागले. ही म्हणते, "अहो, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय का? एवढं होतं तर गाडीतच जाऊन बसा." तिने रागाने सांगितलं, मी मनावर घेतलं.

एवढी मोठी कशाला, हे तू विचारणार. मुलीनेही विचारलं. ती म्हणाली, "बाबा, घरात आपण तिघं. दादा नोकरीला गेला, तो आता वर्षातून एकदा येणार. आत्या आली तरी चार. चौघांना छोटी गाडी पुरते." हिशेब बरोबर होता, म्हणून मला राग आला. पण ताई, तूच सांग. आपण शाळेचे गणवेश शिवणारी माणसं. मूल मापाला उभं राहिलं की आपण त्याचं आजचं माप घेतो आणि दोन बोटं जास्त कापड आत दुमडून ठेवतो, कारण पोरं वाढतात. वाढत्या अंगाचं शिवायचं, हे तूच मला शिकवलंस. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाच्या हाताला दुसरं काही सुचतच नाही. मी गाडीही वाढत्या अंगाची घेतली. घर मात्र पाण्यात घातलेल्या सुती कापडासारखं आटत गेलं, हे माझ्या टेपला कळलंच नाही.

खरं तर शोध सुरू केला तेव्हा आठ हा आकडा अगदी बेताचा होता. तुझ्या मुलाच्या लग्नाला आपण तीन गाड्यांतून गेलो होतो, आठवतंय? पाण्याच्या बाटल्या पहिल्या गाडीत, तहानलेली माणसं दुसऱ्या गाडीत आणि नवरदेवाचे बूट तिसऱ्या गाडीत, जी रस्ता चुकली. सगळा प्रवास "कुठे पोचलात?" विचारण्यात गेला. परत आल्यावर दाजी म्हणाले होते, "पुढच्या वेळी सगळे एकाच गाडीत. समुद्र बघायला जाऊ. आणि पुढची सीट माझी, मागे मला मळमळतं." त्याच आठवड्यापासून मी गाड्या बघायला लागलो. आम्ही चौघं, तुम्ही दोघं, तुझा मुलगा आणि सून, झाले आठ. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, साधं अस्तर निवडायला मी महिना लावतो. गाड्या बघण्यात चार वर्षं गेली. तेवढ्यात तुझा मुलगा आणि सून परदेशी गेले, माझा मुलगा नोकरीला गेला आणि दाजी... ते असो. गाडी घ्यायचं ठरलं होतं, ते मी मोडलं नाही.

जुन्या गाड्यांचा जो दलाल आहे, त्याला आम्ही गोडबोल्या म्हणतो. (त्याला हे माहीत नाही. असलं तरी तो गोडच बोलेल.) मी ज्या गाडीवर हात ठेवावा, ती त्याच्या मते एका डॉक्टरांची, आणि डॉक्टर ती फक्त रविवारी बाहेर काढत. चार गाड्या पाहिल्या, चारही डॉक्टरांच्या, चारही रविवारच्या. एवढे डॉक्टर फक्त रविवारी बाहेर पडत असतील तर आठवडाभर आजारी माणसांनी करायचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही विचारी माणूस दिसता, म्हणूनच तुम्हाला पाचवी दाखवतो." पाचवी म्हणजे हीच. मुलीने इंजीन बघितलं, तिच्या मैत्रिणीच्या मेकॅनिक भावाने खाली निजून काहीतरी ठोकलं आणि बरी आहे म्हणाला. मी माझं काम केलं. गळ्यातला टेप काढला आणि गाडीची छाती मोजली. शहात्तर इंच. घरचं फाटक मी सकाळीच मोजून आलो होतो, ऐंशी. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सैल. दोन इंच सैल म्हणजे आपल्या धंद्यात ऐसपैस! मी तिथल्या तिथे हो म्हणालो.

आता यात माझं काय चुकलं ते शाळेतलं पोरही सांगेल. गाडीला कान असतात. दोन्ही बाजूंना आरसे, एकेक चांगला वीतभर. मी बाह्या न धरता शर्टाचं माप घेतलं होतं. फाटकाशी आल्यावर ते ध्यानात आलं. पण मी डगमगलो नाही, आरसे दुमडले. (दुमडून ठेवणं हे आपलं कामच.) गाडीचा पहिला गृहप्रवेश, म्हणून आम्ही तिघंही आत बसलेलो, खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायला कुणीच नाही. ही आणि मुलगी मधल्या रांगेत, मी एकटाच पुढे. इंचाइंचाने गाडी फाटकातून घेतली, घराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्या मधल्या बोळात अशी बसवली की शिवणीत दोरा बसावा. कुठे ओरखडा नाही. मी मागे वळून विजयी मुद्रेने पाहिलं. ही शांतपणे म्हणाली, "छान. आता दार उघडा."

दार दोन इंच उघडलं. चारही दारं दोन-दोन इंच उघडली. कापड थोडंफार ओढ घेतं गं, पत्रा नाही घेत. मागे जायचं म्हटलं तर दुमडलेल्या आरशात मला फक्त माझाच कान दिसत होता. मागचं मोठं दार आतून उघडत नाही, हे तेव्हाच कळलं. शेवटी शेजारच्या घड्याळवाल्या काकांना फोन केला. ते पाच मिनिटांत येतो म्हणाले आणि घड्याळ लावून पाचव्या मिनिटाला आले. काचेच्या फटीतून किल्ली त्यांच्याकडे टाकली, त्यांनी मागचं दार उघडलं, आणि आम्ही एकामागून एक सीटांवरून रांगत बाहेर आलो. मुलगी टुणकन उतरली. ही पदर खोचून उतरली. मी घाईत उतरलो, तो तुला वर लिहिलेला नमस्कार. काका एवढंच म्हणाले, "तुमचंही माप चुकतं तर!" हे त्यांनी बहुतेक सगळ्या गल्लीला सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी एक बाई मुलाचा गणवेश न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "दादा, एकदा घालून बघू द्या हं." तीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. फार लागलं.

पण त्या रांगण्यात एक गोष्ट हाती आली. तिसऱ्या सीटच्या फटीत माझा हात गेला आणि एक बटण निघालं. पांढरं, चार भोकांचं, फुलीचा टाका, आणि त्या फुलीला खालून एक जास्तीचा वेढा. हा वेढा सबंध गावात दोनच माणसं घालत. एक मी आणि दुसरी ज्या माझ्या बहिणीने मला तो आठव्या वर्षी, चुकलं की टपली मारत, शिकवला ती. मग मी सगळ्या सीटांखाली हात घातले. अकरा बटणं, सगळी आपल्याच दुकानची, शिवाय तीन खोडरबर आणि एक अर्धी कंपासपेटी. डॉक्टरांची रविवारची गाडी रोज शाळेची पोरं वाहत होती! मी बटणं मुठीत घेऊन गोडबोल्याकडे गेलो. तो म्हणाला, "डॉक्टरांची मुलं शाळेत जात असतील ना काका." मी म्हणालो, "अकरा?" तो म्हणाला, "मोठं कुटुंब." भांडायला गेलो होतो, पण खरं सांगतो, मला बरंच वाटलं. बटणांना अजून कापडाचे तुकडे चिकटलेले आहेत. शर्ट फाटले, पण तुझा टाका सुटलेला नाही. शिवाय ही गाडी कधीतरी गच्च भरलेली होती, आरडाओरडा ऐकत होती, हे कळून तिच्याबद्दल माया वाटली. आता तिला आमच्या तिघांचं शांत घर मिळालंय. तिलाही करमत नसणार.

सध्या गाडी गल्लीत काकांच्या दुकानासमोर उभी असते. त्यांना दुकान उघडायचं असलं की मी ती पुढे घेतो, दूधवाल्याची गाडी आली की मागे घेतो. म्हणजे गाडी रोज चालते, जात कुठेच नाही. एकदाच बाजारात नेली. पुढे मी, मागे या दोघी, तर तिथल्या रखवालदाराने हिला सलाम केला आणि मला सांगितलं, "ड्रायव्हर लोकांनी तिकडे थांबायचं." हिला तेव्हापासून ही गाडी आवडायला लागली आहे.

असं सगळं आहे. पत्र लांबलं. तुझ्या शेजारणीचा फोन येतो अधूनमधून. ती सांगते, तू फाटकाच्या बाहेर पाऊल टाकत नाहीस. भाजीसुद्धा भिंतीवरून घेतेस. गुडघ्यांचं निमित्त मला समजतं. तेवढंच नाही, हेही समजतं. रागावू नकोस. प्रकृतीस जप आणि दुधाकडे लक्ष ठेव.

तुझा,
धाकटा

ता. क. : एक किरकोळ काम होतं. (हे मागणं नव्हे.) गाडीची पायरी जमिनीपासून बरीच उंच आहे आणि दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला चढता येणार नाही. तेव्हा सुताराकडून एक छोटं स्टूल करून घ्यायचा विचार आहे. कुणाला लागेल सांगता येत नाही. त्यासाठी तुझ्या टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप उलट टपाली कळव. टेप खाली धरायला शेजारणीला बोलव. तुझ्या फाटकाचंही माप घे. ते कान धरून घे.

ता. क. २ : ताई, मी लिहितेय. पत्र घरात टेबलावर ठेवून हे आत्ता पुन्हा गाडी बघायला बाहेर गेलेत. स्टूल मंगळवारीच तयार झालंय. तुमचं माप यांच्या जुन्या वहीत आहे, दर वर्षी नवीन वहीत उतरवून घेतात. वर गादी शिवलीय, दाजींच्या तपकिरी कोटाचं उरलेलं कापड लावून. बारा वर्षं "उपयोगी पडेल" म्हणून जपलेलं. माप मागताहेत ते निमित्त. सरळ विचारलं तर तुम्ही नाही म्हणाल, याची यांना भीती वाटते. मलाही वाटते.

ता. क. ३ : परत येऊन बघतो तर हिने सगळं सांगून टाकलेलं. मग आता लपवण्यात अर्थ नाही. ताई, गाडी घेतल्यापासून माझ्या शेजारच्या पुढच्या सीटवर कुणी बसलेलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी या दोघी आपणहून मागे जाऊन बसल्या. दाजी ती सांगून ठेवून गेले आहेत. ती रिकामी घेऊन मला समुद्रापर्यंत गाडी चालवता येणार नाही, आणि तिथे तुझ्याशिवाय दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही. पुढच्या रविवारी दहा वाजता तुझ्या फाटकाबाहेर उभा असेन. आत येत नाही, पुन्हा अडकायचो. हॉर्नही वाजवणार नाही, तो एकदा वाजला की थांबत नाही. तू फक्त गॅस बंद करून ये.