जानकीच्या वहीवरचा अभिप्राय

४ सप्टेंबर १९६६, पालघर
वाचनालयाच्या दिवाळी हस्तलिखितासाठी आज आणखी सात जणांचं साहित्य आलं. एकूण बावीस. हे संपादकपण गळ्यात पडून आता किती वर्षं झाली, मोजत नाही. प्रत्येकाला 'अभिप्राय' हवा. नुसतं 'नको' म्हटलेलं कोणाला चालत नाही, खरं बोललेलं तर त्याहून चालत नाही. तारापूरच्या अणुवीज-कामावरचे एक ओव्हरसियर अणूवर बेचाळीस कडवी घेऊन आले. म्हटलं, जरा आटोपशीर करता येईल. 'कुठलं कडवं काढू?' उत्तर जिभेवर आलं होतं. चहा पाजून वाटेला लावलं.

७ सप्टें.
सातपाटीची जानकी आली. माझी जुनी विद्यार्थिनी, सातवीनंतर शाळा सुटली, आता इथल्या बाजारात मासळी विकते. मासळीची पाटी ओट्याखाली ठेवली, हात धुतले, पिशवीतून वही काढली. 'गुरुजी, गोष्ट लिवलीय. अंकात घालायची तर घाला. पण आदी कोनाला दाखवू नका.'
शाळा, तपासायच्या वह्या, आणि वर हे.

८ सप्टें.
जा.ची गोष्ट वाचली. नऊ पानं. होडी परत येते, नवरा येत नाही. तिसऱ्या दिवशी बायको पाटी घेऊन बाजारात बसते, गिऱ्हाईकाला माशाचे कल्ले उघडून दाखवते, भावावरून भांडते. संपलं. आधी चार कविता वाचून डोकं उठलेलं. कुठेतरी काहीतरी टोचलं खरं, पण थांबलो नाही. लिहून टाकलं : 'नायिका फार कोरडी वाटते. तिसऱ्या दिवशी बाजार वाचकाला पटणार नाही. तिचा शोक दाखवावा.' शेवटच्या तीन पानांवर लाल पेन्सिलीची उभी रेघ.
अजून अकरा जण बाकी.

१० सप्टें.
बाजारात जा.ला वही परत दिली. अभिप्राय तिथेच उभ्याने वाचला. 'बरं' म्हणाली. एवढंच. बाकीचे निदान वाद तरी घालतात.

२५ सप्टें.
जा. नवी वही घेऊन आली. सोळा पानं. नायिका पहिल्या पानापासून रडते. किनाऱ्यावर लोळते, लाटांना हाका मारते, 'हे सागरा, माझं सौभाग्य परत दे' म्हणते. मी सांगितलेलं सगळं केलंय, एक गोष्ट सोडलेली नाही. आणि गोष्ट मेली आहे.
म्हटलं, पहिली वही दे बघू.
'ती फाडली. सुकट बांदायला घेतली.'
'अगं, फाडलीस कशाला?'
'तुमी लाल रेघ मारलेली ना? चुकलेलं पान ठेवून काय करायचं?'
माझ्याच वर्गातला नियम. लाल रेघ आली की पान फाडायचं, नव्याने उतरवून आणायचं. पोरांना शिस्त लागते म्हणून मीच घातलेला. एवढ्या वर्षांनी ही बाई तो पाळते आहे.
जाताना म्हणाली, 'पयली आईला वाचून दाखवलेली. तवा काय बोलली नाय, नुसती बसून रायली. ही ऐकली नि म्हनते, ही कोन? ही मी नाय.'
म्हणजे गोष्ट तिच्या आईची. बाप समुद्रावर गेला तेव्हा जा. तान्ही असणार. मला ठाऊक नव्हतं. विचारलंही नव्हतं.

२८ सप्टें.
बाजारात गाठलं. म्हटलं, माझं चुकलं, पहिली होती तशीच पुन्हा लिही. सुरीवरून नजर न काढता म्हणाली, 'नाय जमायचं, गुरुजी. आठवाया गेली तर तुमची रेघच दिसते.' गिऱ्हाईक आलं. मी बाजूला झालो.
लाज वाटते. तेवीस जणांत एकीच्याच हातात काही होतं आणि तेवढंच नेमकं मी घालवलं. ओव्हरसियरची बेचाळीस कडवी मात्र शाबूत आहेत.

९ ऑक्टो.
रविवार. एस.टी.ने सातपाटीला गेलो. जा. घरी नव्हती. तिची आई बांबूवर बोंबील लटकवत होती. बसायला पाट दिला. मी माफी मागायला आलो होतो, ती बोंबील सोडेना.
म्हटलं, 'मावशी, मी त्या बाईला कोरडी म्हटलं. मला कळलं नाही.'
'तुमाला कसं कळंल.' रागाने नाही, सहज. मग पुढचा बोंबील लटकवत, 'तुमची बायको गेली तवा जानकी तुमच्या वर्गात होती. सांगत आलेली घरी. गुरुजी चौथ्या दिसाला शालंत आले, भूगोल शिकवला. पोरं घाबरून गप बसलेली.'
खाली पडलेला एक बोंबील मी उचलून तिच्या हातात दिला.
'मी तिला म्हनली, शानी मानसं अशीच करतात. घरात बसून काय करतील?'
चहा दिला. परतीच्या गाडीत बसायला जागा होती, तरी उभा राहिलो.

१३ ऑक्टो.
खरंच गेलो होतो. चौथ्या दिवशी. सुतकात. हेडमास्तरही बघत राहिले. कृष्णेच्या उपनद्या शिकवल्या. घरी बायकोची साडी दोरीवर तशीच होती, ती काढायला हात होईना म्हणून गेलो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या वर्गातल्या एका पोरीने मला त्या दिवशी शिकवताना पाहिलं, घरी जाऊन आईला सांगितलं, आणि त्या आईला मी कोरडा वाटलो नाही.

१६ ऑक्टो.
अंक सुवाच्य अक्षरात उतरवायला द्यायचा आजचा दिवस. अक्षर काढणाऱ्यांना सांगितलं, मधली नऊ पानं कोरी सोडा. 'कोणासाठी?' म्हटलं, बघू. जा. तीन दिवस बाजारात दिसलेली नाही. तिच्या शेजारी बसणारीला विचारलं तर म्हणाली, 'हाय की घरी. काय तरी करते हाय, बोलत नाय.' याचा अर्थ काहीही असू शकतो.
दुपारी त्या चौथ्या दिवसाबद्दल स्वतः लिहून पाहिलं. एक पान झालं. वाचलं. वर्गात फळ्याकडे तोंड करून मी रडतो आहे, असं लिहिलंय.
मी रडलो नव्हतो.