उत्तेजनार्थ बक्षीस: एक कानाखाली

अहो,
मंडळाच्या सोडतीची तिकिटं मी सायबर कॅफेत इंटरनेटवरचा नमुना घेऊन केली, तेव्हा गमतीनं छापलं होतं, ‘उत्तेजनार्थ बक्षीस: यल्लाप्पाअण्णांची एक कानाखाली’. ते नेमकं आपल्या प्रवीणभावजींना लागलं. “द्या की अण्णा, स्वल्प हळू!” म्हणत त्यांनी गाल पुढं केला. सगळा मांडव हसला, तसे अण्णा पेटले. आधी हातानं मारलं, मग लोखंडी खुर्चीनं. भावजींचा कान फाटलाय, रक्त थांबत नाही. मी त्यांना दवाखान्यात नेतेय.

गंमत माझी होती, तेव्हा तुम्ही अण्णांच्या दारात जाऊ नका. नारळाचा कोयता शोधू नका, माझ्या पिशवीत आहे. चिमी शेजारी शालनअक्कांकडे आहे. आल्याआल्या तिला कडेवर घ्या आणि मी येईपर्यंत खाली ठेवू नका.

पवित्रा