थंड आढळलेल्या खोलीची फेरतपासणी

प्रति,
मा. अधिकारी,
भाडेकरू तक्रार विभाग,
नगर कार्यालय.

विषय : पत्र्याखालील खोली थंड असल्याचा अहवाल रद्द करून तळमजल्यावरील बंद खोली उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या तपासनीस साहेबांची भेट व त्यानंतर जिन्यात चिकटवलेला अहवाल.

महोदय,

१. अर्जदार बाई इस्त्रीचे काम करते. घरमालकांच्या इमारतीत सर्वांत वर, पत्र्याखालच्या खोलीत ती व तिचा नवरा भाड्याने राहत. नवरा पंखे दुरुस्त करीत असे. आयुष्यभर त्याने लोकांचे पंखे फिरते ठेवले. गेल्या हिवाळ्यात त्याची एक बाजू गेली आणि तो खाटेला खिळला. उन्हाळ्यात पत्रा तापला की खोलीची भट्टी होते. आता इस्त्री पेटवायची गरज नाही, कपडे नुसते पसरून ठेव, असे तो स्वतःच म्हणे आणि हसे.

२. उन्हाळ्यात भाडेकरूंची खोली राहण्याजोगी ठेवणे व पत्र्याला पांढरा रंग देणे हे घरमालकाचे काम आहे, असे आपल्याच कार्यालयाच्या फलकावर लिहिले आहे. मालकांनी रंग दिला, पण रस्त्यावरून दिसतो तेवढ्याच अर्ध्या पत्र्याला. तळमजल्यावर एक खोली बंद असते. तिची फरशी भर दुपारीही पायाला गार लागते. तिथे मालकांची जुनी कपाटे आहेत. उन्हाळ्यापुरती नवऱ्याची खाट तिथे ठेवू द्या, अशी बाईने विनंती केली. मालक म्हणाले, "आजी, मग कपाटं कुठे नेऊ? वर तुमच्या खोलीत? लाकूड तडकेल हो माझं." म्हणून तिने आपल्याकडे पहिला अर्ज केला.

३. तपासनीस साहेब येणार असा आदल्या दिवशी निरोप आला आणि इथेच अर्जदाराचे चुकले. सरकारी माणूस घरी येणार आणि घामाघूम होऊन बसणार, हे तिला बरे वाटेना. सकाळपासून तिने पत्र्यावर ओली पोती टाकली, खिडकीला ओल्या चादरी लावल्या, फरशीवर पाणी शिंपडले. पाणी दिवसाआड येते. पिंप त्यातच रिकामे झाले, तेव्हा शेजारणीने आपला हंडा आणून ओतला. साहेब येऊन बसताच नवऱ्याच्या तोंडासमोरचा टेबलपंखा त्यांच्या खुर्चीकडे वळवला. "अगं, जरा खाली वाकव, वारा त्यांच्या डोक्यावरून जातोय," हे नवऱ्यानेच सांगितले. साहेबांनी रुमालाने मान पुसली, दोन पेले पाणी प्याले, भिंतीला तापमापक लावला आणि म्हणाले, "आजी, माझ्या ऑफिसपेक्षा तुमच्याकडे बरं आहे की!" नवरा-बायकोला फार धन्य वाटले. साहेब जिना उतरेपर्यंत चादरी वाळल्या होत्या. संध्याकाळी नवऱ्याने पाणी मागितले, ते खालच्या मजल्यावरून मागून आणावे लागले.

४. अहवाल आला : 'खोली थंड आढळली. तक्रार खोटी.' मालकांनी तो जिन्यात चिकटवला. कोणी उकाड्याचे बोलला की ते भिंतीकडे बोट दाखवतात. "म्हातारीला जमतं, तुम्हाला काय धाड भरलीय?" उरलेल्या पत्र्याचा रंग रद्द झाला. शिवाय नवीन भाडेकरू आले की मालक त्यांना अर्जदाराचीच खोली नमुना म्हणून दाखवू लागले. "आजी, माणसं येतायत, पाणी मारून ठेवा," अशी खालून हाक येई. खाटेवरचा माणूस पाहून येणारे बिचकतात, म्हणून खाटेपुढे चादर ओढायला लावत. चादरीमागे वारा पोचत नसे.

५. अशाच एका दुपारी चादरीमागे नवरा गेला. चादरीच्या अलीकडे मालक पाहुण्यांना हवा किती खेळती आहे ते सांगत होते. माणसे पांगल्यावर बाईने चादर सरकवली. मृत्यूच्या नोंदीत उष्माघात लिहावा, असे तिने विनवले. आपल्या कार्यालयातून उत्तर मिळाले की खोली थंड असल्याची नोंद आहे, सबब उष्म्याने मृत्यू संभवत नाही. मालक भेटायला आले होते. दारातूनच म्हणाले, "शेवट तरी गारव्यात झाला म्हणायचा."

६. हा अर्ज नवऱ्यासाठी नाही. त्याला आता कशाचीच गरज नाही. हंडा ओतणाऱ्या शेजारणीची सून पलीकडच्या पत्र्याखाली बाळंत झाली आहे. बाळाचे अंग घामोळ्यांनी भरले आहे. सकाळी ते रडते, दुपारी रडायचेही सोडून देते. शेजारीण खालची खोली मागायला गेली, तर मालकांनी तिलाही अहवाल दाखवला. त्या अहवालात तिचाही हंडा आहे. तरी तो रद्द करावा आणि कपाटे हलवून ती खोली बाळ-बाळंतिणीस द्यावी.

७. खात्री करण्यासाठी साहेबांना पुन्हा पाठवावे. निरोप देऊ नये. भर दुपारी यावे, दार लोटून घ्यावे आणि खाटेवर आडवे व्हावे. खाट रिकामी आहे. पाणी शिंपडलेले नसेल, प्यायलाही विचारले जाणार नाही. पंखा साहेबांकडे वळवता येणार नाही. तो बाळाकडे दिला आहे.

साहेबांच्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र अर्जदार,
वरच्या खोलीतील इस्त्रीवाली

दिनांक : २१ मे

सोबत :
१. जिन्यातून सोडवून घेतलेला अहवाल. ओढताना कोपरा फाटला, त्याबद्दल क्षमा असावी.
२. तपासनीस साहेबांचा रुमाल. त्या दिवशी खुर्चीवर राहिला होता. धुऊन, इस्त्री करून जोडला आहे.