'लहरी' या विशेषणाबाबत

कोऱ्हाळे बुद्रुक,
दि. १२ नोव्हेंबर २०२४

सौ. द्वारकाबाई हीस आबाजीचा आशीर्वाद.

येथे सर्व ठीक आहे. उसास पाणी देऊन झाले. आपल्या राजलक्ष्मीच्या पायाचे प्लास्टर निघाले व ती घरात चालू लागली, असे जावई दीपककडून समजले. संतोष वाटला. तेव्हा लेकीच्या सासरी, भवानीनगरास, तुझा मुक्काम आता कशासाठी आहे, हे मात्र समजले नाही.

फोन मुद्दाम करीत नाही. मागील खेपेस बोलणे झाल्यावर तू फोन बंद करण्यास विसरलीस. व्याही दादासो यांस तू म्हणालीस, "आमचं माणूस लय लहरी हाय. तुमचा सोभाव बगा कसा एकसारखा." त्यावर ते हसले. तूही हसलीस. तुझे तसे हसणे या घराने पुष्कळ दिवसांत ऐकलेले नाही.

मी चौथीपर्यंतच शिकलो असलो, तरी गुरुजींनी विशेषणे पक्की करून घेतली आहेत. ज्याचे मन घडीघडीला बदलते तो लहरी. मी तीच टोपी घालतो, त्याच कपातून चहा घेतो. एकदा 'सावकाश ये' म्हणालो, पुढे 'उद्याच ये' म्हणालो आणि नंतर बोलता बोलता फोन ठेवून दिला, हे खरे आहे. परंतु तिन्ही वेळा मनात गोष्ट एकच होती. दादासोंच्या मिशा तर पांढऱ्याच्या काळ्या होतात. त्यास एकसारखेपणा म्हणावे काय?

खरी लहरी आपली गाय. तू गेल्यापासून ती पान्हा चोरते व मला लाथ मारते. हे शेजारच्या सारजास सांगितले, तर ती म्हणाली, "आबा, गाय लहरी न्हाय वं. तिला तिचं माणूस पायजे. काकींचं लुगडं गुंडाळून बसा की." मी तिला रागावलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्याचे दार आतून लावून तुझे हिरवे लुगडे अंगावर घेतले. गाईने हुंगले आणि पान्हा सोडला. मीच मग बराच वेळ धार काढण्यास विसरलो. लुगडे अद्याप धुण्यास टाकलेले नाही.

गाईपुरते ते विशेषण मी मागे घेत आहे. माझ्यापुरते तू घ्यावेस.

हे पत्र तू स्वतः अक्षरे लावून वाचावेस. दादासोंकडून वाचून घेऊ नये. त्यांस नमस्कार सांगावा. न सांगितला तरी चालेल.

सकाळच्या एसटीस गर्दी नसते.

तुझे माणूस,
आबाजी