डाग पडलेलं पुस्तक

धाकटे,

मी लग्नाचा केक पोचवायला जातेय, यायला उशीर होईल. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. ओट्यावर पसरलेलं क्रीम पुसू नकोस, तो माझा प्रयोग आहे.

परवा तणतणत तू रॉकेट इंजिनांच्या ज्या जाडजूड पुस्तकाचं नाव सांगितलंस, ते मी वाचनालयातून आणलं नाही, दुसरंच आणलं. पाककृतीचं पुस्तक मी निवडते तसंच हेही निवडलं. ज्याची पानं मळलेली, ते कामाचं. तुझ्या जाड्याची पहिली चार पानं मळकट, पुढे सगळं कोरं करकरीत! शेजारच्या बारक्या पुस्तकावर मात्र शेवटपर्यंत चहाचे डाग. तेच उचललं.

आता एक सांग. माझ्या क्रीमच्या पिशवीचं तोंड निमुळतं असतं, म्हणून धार जोरात येते. मग रॉकेटचं तोंड निमुळतं करून पुन्हा घंटेसारखं पसरट का करतात? पुस्तक म्हणतं, तिथे वायूचा वेग आणखी वाढतो. मी कागदाचं तसंच तोंड करून पाहिलं, तर क्रीम फतकल मारून बसलं. वायूला जमतं ते क्रीमला का जमत नाही? हे समजावण्यापुरता तरी अबोला सोड.

तू रॉकेटं शिकायला तिकडे लांब जाऊन जे पेटवणार आहेस, ते मला कळल्याशिवाय तुला जाऊ देणार नाही, असं मी म्हटलं होतं. मी शब्दाची पक्की आहे. रोज वाचतेय.

फक्त जरा सावकाश वाचतेय.

आई