घरच्या मोत्यांच्या मुंडावळ्या

९ नोव्हेंबर २००३
आज शिंपल्यांची ऑपरेशनं केली. शिंपला किंचित उघडायचा, आत मणी सरकवायचा, झालं. सुशीला म्हणाली, हात थरथरतात तुमचे. बायकोला सर्जरीतलं काय कळतं? जाळीच्या पिशव्यांत घालून शिंपले आमच्या परसातल्या तळीच्या पाण्यात टांगले. नदीतले सगळे शिंपले काढू नका, थोडे तरी ठेवा, असं मोतीशेतीच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. पण ठेवले असते तर दुसऱ्या कुणी नेले असते.

१५ फेब्रुवारी २००४
आमच्या क्षमाचा साखरपुडा. व्याही पांडुरंगबाब फार सज्जन. सगळ्यांसमोर जाहीर केलं, लग्नात मुंडावळ्या घरच्या मोत्यांच्या! टाळ्या पडल्या. सुशीलाने माझ्या पायावर पाय दिला.

४ मे
पिशव्या दर आठवड्याला धुवायच्या असतात. उद्यापासून नक्की.

५ मे
ऊन फार. सोमवारपासून.

१८ सप्टेंबर, गणेश चवथ
पंच दत्ताराम आले. ओहळात खाणीची लाल माती, गावचे गणपती पोचवायचे कुठे? तुमची तळी स्वच्छ, म्हणाले. शिंपले पाणी गाळतात हे मीच गावभर सांगितलंय, नाही कसं म्हणणार? सुशीला म्हणाली, प्लॅस्टरच्यो मूर्ती, रंग सुटतलो, शिंपले मरतले. तिला समजावलं, रंग प्याले तर मोती गुलाबी होतील. गुलाबीला भाव जास्त.

२६ सप्टेंबर
तळीला किंचित वास. हवा बदललीय.

३ ऑक्टोबर
शिंपले आपणहून उघडलेत. मोती आत मावत नसावेत.
संध्याकाळी : मेलेत. मणी घातले तसेच निघाले. एकावर चमक होती, ती नखाने सुटली.

२१ नोव्हेंबर
सुशीलाने कपाटातून प्लॅस्टिक मोत्यांच्या मुंडावळ्या काढल्या. म्हापशाहून चवथीआधीच आणून ठेवल्या होत्या म्हणे. माझ्यावर एवढाही विश्वास नाही. पांडुरंगबाबना खरं काय ते सांगून टाकणार. उद्याच.

१२ डिसेंबर
लग्न झालं. सांगायचं राहिलं.
पांडुरंगबाब येईल त्या पाहुण्याला क्षमाचं कपाळ दाखवत होते, मोती व्याह्यांच्या तळीतले म्हणून. मी मान डोलवत होतो. अंतरपाट दूर झाला, हार घालताना क्षमाच्या मुंडावळीचा दोरा तुटला आणि मणी मांडवभर उडाले. भटजी थांबले. कुणी पाय हलवू नकात, असं म्हणत पांडुरंगबाब, दुखऱ्या गुडघ्यांचे, खुर्च्यांखाली रांगायला लागले. त्यांना बघून त्यांच्याकडची सगळी मंडळी रांगायला लागली. मला सांगवेना. एकेक मणी टिपून त्यांनी रुमालात बांधला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, एकय गेलो आसतो तर माझ्या जिवाक लागलो आसतो.
मला रडू आलं. त्यांना वाटलं, मुलगी जाते म्हणून. त्यांनी मला जवळ घेतलं.